मॉस्कोतला जुना आवाज : फॉस्टर हेविट यांच्या पुनरागमनाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आइस हॉकीचे आठ सामने ठरले, तेव्हा कॅनडात संघनिवडीवरून रणं माजली होती. बॉबी हल दुसऱ्या लीगमध्ये गेला म्हणून त्याला वगळलं होतं, बॉबी ऑर गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळू शकणार नव्हता. यातच एक निवड मैदानाबाहेरची होती. टीव्हीवर इंग्रजी समालोचनासाठी आयोजकांनी फॉस्टर हेविट यांना बोलावलं. हेविट तेव्हा ६९ वर्षांचे होते. टीव्हीवरची जागा मुलाला देऊन त्यांना दशक उलटून गेलं होतं, आणि रेडिओचा माईकही त्यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस खाली ठेवला होता.

वास्तविक चांगल्या समालोचकांची टंचाई नव्हती. माँट्रियलचे डॅनी गॅलिव्हन ऐन भरात होते. टोरांटोच्या सामन्यांना खुद्द हेविट यांचा मुलगा बिल होता. तरीही एका निवृत्त माणसाला परत आणावंसं का वाटलं, हे समजायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

फॉस्टर यांचा जन्म १९०२ चा, टोरांटोचा. वडील डब्ल्यू. ए. हेविट हे ‘टोरांटो स्टार’चे क्रीडा संपादक आणि ओंटारिओ हॉकी असोसिएशनचे चिटणीस. म्हणजे घरात हॉकी, वृत्तपत्र आणि संघटनेचं राजकारण तिन्ही नांदत होतं. फॉस्टरही ‘स्टार’मध्येच रुजू झाले. त्या वर्तमानपत्राचं स्वतःचं सीएफसीए नावाचं रेडिओ केंद्र होतं. १९२३ च्या हिवाळ्यात त्यांना म्युच्युअल स्ट्रीटच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पाठवण्यात आलं. काम काय, तर टेलिफोनच्या तोंडाशी बसून सामना सांगायचा.

हा प्रसंग हेविट पुढे आयुष्यभर रंगवून सांगत. रिंकच्या कडेला काचेची एक चिमुकली खोली केली होती. तिला हवेची सोय ठेवायला कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे श्वासाच्या वाफेने काच धुरकट व्हायची आणि समोरचा खेळच दिसेनासा व्हायचा. मध्येच टेलिफोन ऑपरेटर लाइनवर येऊन कोणता नंबर हवाय म्हणून विचारायची. त्यात सामना जादा वेळेत गेला. इतकं सगळं होऊन हेविट यांना वाटलं की हे काम पुन्हा कुणी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी आपण करणार नाही.

आता यातला थोडा नाजूक भाग. हॉकीचा पहिला सामना रेडिओवर आपणच सांगितला, असं हेविट म्हणत आणि अनेक वर्षं ते सगळ्यांनी मानलं. ते सांगत ती तारीख २२ मार्च १९२३ होती. पुढे संशोधकांनी जुने अंक चाळले, तेव्हा चित्र बदललं. त्याच रिंकवरून, त्याच केंद्रासाठी, ‘स्टार’च्याच नॉर्मन अल्बर्ट यांनी ८ फेब्रुवारीला एका सामन्याचा शेवटचा भाग सांगितला होता. हेविट यांचं पहिलं प्रसारण १६ फेब्रुवारीचं. आणि पश्चिमेकडे रेजायनात पीट पार्कर यांनी १४ मार्चला रेजायना विरुद्ध एडमंटन हा अख्खा सामना सांगितला, तोही हेविट सांगत त्या तारखेच्या आठ दिवस आधी. म्हणजे हेविट पहिले नव्हते. पण अल्बर्ट आणि पार्कर यांची नावं आज अभ्यासकांपलीकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. हेविट टिकले, कारण त्यांनी पुढची कित्येक वर्षं तो माईक सोडलाच नाही, आणि कारण १९३१ साली त्यांनी बसायची जागा स्वतः निवडली.

ही जागा म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय. टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाचे सर्वेसर्वा कॉन स्मिथ यांनी ऐन मंदीत मेपल लीफ गार्डन्स हे बंदिस्त हॉकी मैदान उभारायला घेतलं. समालोचकाने कुठे बसायचं, असा प्रश्न आला. हेविट शहरातल्या ईटन कंपनीच्या उंच इमारतीत गेले आणि एकेका मजल्यावरून खिडकीतून खालच्या फुटपाथवरची माणसं न्याहाळत राहिले. चौथ्यावरून कसं दिसतं, सहाव्यावरून कसं. पाचवा मजला त्यांना पटला, कारण तिथून माणसं ओळखूही येत होती आणि सगळ्यांच्या हालचाली एका नजरेतही मावत होत्या. उंची मोजली, ती ५६ फूट भरली. गार्डन्सच्या छताखाली बर्फापासून ५६ फुटांवरच त्यांची लांबट खोली टांगली गेली. ती झेपेलिनसारख्या हवाई जहाजाच्या पोटाखालच्या केबिनसारखी दिसते म्हणून जाहिरात कंपनीच्या एका माणसाने तिला ‘गोंडोला’ म्हटलं. तेच नाव पुढे रूढ झालं. तिथे जायचं तर छताजवळच्या अरुंद पुलावरून चालावं लागे आणि सुरुवातीला त्याला कठडेही नव्हते.

गार्डन्सचं उद्घाटन १२ नोव्हेंबर १९३१ ला झालं आणि हेविट यांचं शनिवार रात्रीचं हॉकी प्रसारण सुरू झालं, जे पुढे ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या नावाने ओळखलं गेलं. आधी जनरल मोटर्स आणि नंतर इंपीरियल ऑइल हे प्रायोजक. तिकीटविक्री घटेल या धास्तीने प्रसारण सामना रंगात आल्यावर सुरू होई. श्रोत्यांना ते अभिवादन करत ते कॅनडाला, अमेरिकेतल्या हॉकीप्रेमींना आणि न्यूफाउंडलंडला. न्यूफाउंडलंडचा वेगळा उल्लेख यासाठी की ते १९४९ पर्यंत कॅनडाचा भागच नव्हतं. गोल झाला की त्यांचा आवाज चढत जाऊन ‘ही शूट्स, ही स्कोअर्स!’ अशी आरोळी उठे. ती इतकी पसरली की गल्लीत खेळणारी पोरंसुद्धा स्वतःच्या गोलाला तीच देत.

ही आरोळी सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांची खरी कसोटी ३ एप्रिल १९३३ च्या रात्री लागली. टोरांटो विरुद्ध बोस्टन, बाद फेरीचा निर्णायक सामना. ठरलेल्या ६० मिनिटांत गोल नाही. मग जादा वेळ, एकामागून एक सहा वेळा. केन डोरॅटीने गोल केला, तेव्हा जादा वेळेची १०४ मिनिटं ४६ सेकंदं झाली होती आणि रात्रीचे जवळजवळ दोन वाजले होते. हा सगळा वेळ हेविट एकटे बोलत होते. आपल्याकडे याच तिशीच्या दशकात मुंबईत बॉबी तल्यारखान क्रिकेट असंच एकहाती सांगत आणि माईकमध्ये वाटेकरी नको म्हणत. तो जमानाच एका आवाजाचा होता. श्रोत्याला दुसरं काही दिसत नसे, त्यामुळे तो जे सांगेल तोच सामना.

टीव्ही आल्यावर हे नातं बदलायला हवं होतं. कॅनडाची सार्वजनिक प्रसारणसंस्था सीबीसीने १९५२ मध्ये हॉकी दाखवायला सुरुवात केली. ११ ऑक्टोबरला माँट्रियलहून फ्रेंचमध्ये, रने लकाव्हालिए यांच्या समालोचनासह, आणि १ नोव्हेंबरला टोरांटोहून इंग्रजीत, हेविट यांच्या आवाजात. गोंडोला तोच, माणूस तोच. प्रेक्षकाला आता पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, दिसत होता, पण हेविट यांची धाटणी रेडिओचीच राहिली. पक कुणाकडे, कुठल्या बाजूला, पुढे काय. टीव्हीसाठी वेगळं काही शिकायची त्यांना गरज वाटली नसावी. त्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस टीव्ही बिलच्या हवाली केला. बिललाही लहानपणापासून वडिलांनी माईकसमोर उभं केलं होतं. फॉस्टर स्वतः रेडिओकडे वळले, तेव्हा त्यांचं स्वतःचं केंद्रही होतं. १९५१ साली सुरू झालेलं सीकेएफएच. शेवटची दोन अक्षरं त्यांच्या नावाची. हेविट हे गोड आवाजाचे साधे गृहस्थ होते असं चित्र रंगवलं जातं. ते व्यवहारातही पक्के होते, हे त्यात राहून जातं. १९६५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमने त्यांचा सन्मान केला आणि गोष्ट तिथे संपल्यात जमा होती.

मग आलं १९७२. कॅनडाने १९७० मध्येच आंतरराष्ट्रीय हॉकीतून अंग काढून घेतलं होतं. तक्रार अशी की आमच्या व्यावसायिक खेळाडूंना तुम्ही येऊ देत नाही, आणि सोव्हिएत खेळाडू हौशी म्हणवत वर्षभर लष्कराच्या संघातून खेळतात. एकदाचे दोघांचे सर्वोत्तम संघ समोरासमोर येणार होते. कॅनडाच्या वर्तमानपत्रांना आठही सामने आपलेच वाटत होते. डिक बेडोज या स्तंभलेखकाने तर रशियन एक जरी सामना जिंकले तर आपला स्तंभ खाऊन दाखवीन असं छापलं, आणि पुढे तो खरोखरच बोर्श्ट सुपात कालवून खाल्ला.

मालिकेचे टीव्ही हक्क खेळाडू संघटनेचे अॅलन इगल्सन आणि मेपल लीफ्सचे हॅरोल्ड बॅलार्ड यांच्या गोटाने साडेसात लाख डॉलरना घेतले होते. हेविट यांना आणण्यामागे धंद्याची जाण होती, हे उघड आहे. गॅलिव्हन म्हणजे माँट्रियल, बिल म्हणजे टोरांटो. फॉस्टर मात्र टोरांटोचे असूनही अख्ख्या देशाचे झाले होते. चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येक प्रेक्षकाने लहानपणी हॉकी म्हणून जे ऐकलं होतं, ते त्यांच्याच तोंडून. क्लबच्या भांडणांतून वर काढून हे सामने देशाचे आहेत असं सांगायचं, तर दुसरा आवाज नव्हता.

कामगिरी म्हणून पाहिलं तर ती निर्दोष नव्हती. सोव्हिएत नावांशी त्यांची झटापट चालली होती, आणि कॅनडाच्याच इव्हान कुर्नवाये या फ्रेंच नावालाही त्यांच्या उच्चारात धड न्याय मिळत नव्हता. पक ज्याच्याकडे आहे त्याचं नाव कधी एक क्षण उशिरा येई. जोडीला माजी खेळाडू ब्रायन कोनॅकर विश्लेषणाला होते. २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये सोव्हिएत संघाने ७–३ असा विजय मिळवला आणि सगळ्यांची धुंदी उतरली. टोरांटोत कॅनडा जिंकला, विनिपेगला बरोबरी, व्हँकुव्हरला पुन्हा पराभव आणि घरच्याच प्रेक्षकांची हुर्यो. मॉस्कोतला पहिला सामनाही गेला. त्यानंतरचे दोन एकेका गोलाच्या फरकाने जिंकले आणि मालिका बरोबरीत आली.

२८ सप्टेंबर हा गुरुवार होता. मॉस्कोत रात्र, टोरांटोत भर दुपार. कॅनडातल्या असंख्य शाळांनी वर्गात, सभागृहात टीव्ही आणून ठेवले होते. तीनपैकी दोन सत्रांनंतर कॅनडा ३–५ असा मागे. फिल एस्पोझिटोने एक गोल फेडला, मग कुर्नवायेने बरोबरी साधली. त्या गोलानंतर गोलाची खूण देणारा दिवा लागला नाही म्हणून इगल्सन धावले, पोलिसांनी त्यांना धरलं आणि कॅनडाचा खेळाडू पीट महोवलिच कठड्यावरून उडी मारून त्यांना सोडवायला गेला. अशा गोंधळात शेवटचं मिनिट सुरू झालं. सामना बरोबरीत सुटला तर गोलफरकाने मालिका आमची, असं सोव्हिएत अधिकारी सांगत होते.

३४ सेकंदं उरली असताना जे झालं, ते हेविट यांनी अगदी साध्या शब्दांत सांगितलं. कुर्नवाये, फटका, हेंडरसन झेपावतो आणि पडतो. पुन्हा फटका, अगदी समोरून. आणि मग चढता आवाज : ‘हेंडरसनने कॅनडासाठी गोल केला आहे!’ एकही विशेषण नाही. इतिहास घडतोय वगैरे काही नाही. गोल कुणी केला आणि कुणासाठी, एवढंच. ‘कॅनडासाठी’ हा शब्द मात्र शनिवारच्या रात्री त्यांना वापरावा लागत नसे, कारण तिथे गोल होत ते टोरांटोसाठी किंवा बोस्टनसाठी. मला वाटतं, टीव्हीच्या शैलीत घडलेला एखादा तरुण समालोचक तिथे जास्त बोलला असता. हेविट अजूनही अशा श्रोत्याला सांगत होते ज्याला काही दिसत नाही, आणि त्या क्षणी चित्रासमोर बसलेल्यालाही नेमकं तेवढंच हवं होतं. कॅनडाला मालिका जिंकून देणाऱ्या त्याच गोलाचं फ्रेंच समालोचन लकाव्हालिए यांनी केलं, सोव्हिएत प्रेक्षकांसाठी निकोलाय ओझेरोव्ह बोलत होते. ते पूर्वीचे टेनिस विजेते आणि मॉस्को आर्ट थिएटरचे नटही होते. पण फिरून फिरून वाजवलं जातं ते हेविट यांचं ध्वनिमुद्रण. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीतलं त्यांचं सर्वांत प्रसिद्ध वाक्य निवृत्तीनंतरचं आहे.

पुढे बॅलार्ड यांनीच एक घाव घातला. ऑगस्ट १९७९ मध्ये गार्डन्समध्ये नव्या खासगी कक्षांसाठी जागा करताना त्यांनी गोंडोला उतरवला आणि भट्टीत घातला. संग्रहालयात ठेवता आला असता, पण जुन्या वस्तूंचं मोल बॅलार्ड यांना कधी उमगलं नाही. हेविट यांना हे फार लागलं. १९८१ मध्ये त्यांनी सीकेएफएच विकलं. १९८४ पासून हॉकी समालोचकांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत गॅलिव्हन, लकाव्हालिए यांच्यासोबत ते स्वतःही होते. २१ एप्रिल १९८५ रोजी ते गेले. मेपल लीफ्सच्या आताच्या मैदानातल्या पत्रकार कक्षाला त्यांचंच नाव आहे.

१९७२ मध्ये मॉस्कोत आणखी एक समालोचक होता. सीबीसीसाठी रेडिओवरून बोलणारे बॉब कोल. न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सचे कोल यांनी १९५६ मध्ये आपल्या आवाजाची टेप घेऊन थेट टोरांटोत हेविट यांचं कार्यालय गाठलं होतं. हेविट यांनी त्या अनोळखी पोराला बसवून घेतलं, टेप ऐकली आणि खेळाबरोबर आवाज कसा चढवायचा ते समजावलं. कोल १९७३ मध्ये टीव्हीवर आले आणि २०१९ च्या एप्रिलपर्यंत राहिले. २००८ पासून त्याच ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ची पंजाबी आवृत्ती सुरू झाली. २०१६ च्या अंतिम फेरीत निक बोनिनोच्या गोलावर हरनारायण सिंग यांनी त्याच्या नावाचा जो लांबलचक गजर केला, तो पंजाबी न कळणाऱ्यांनीही देशभर ऐकला.