रेखाटलेल्या नायकांवरचा हक्क : अ‍ॅनिमेशनपटांच्या रिमेकवरील वादाची पार्श्वभूमी

मार्च ते जून 2025 या काळात, जुन्या अ‍ॅनिमेशनपटांवरून प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेले तीन मोठे रिमेक एकापाठोपाठ एक प्रदर्शित झाले. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’वर 25 कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्याचे सांगितले गेले आणि जगभरातून त्याची कमाई मात्र सुमारे 20 कोटींवर अडली. त्याच कंपनीच्या ‘लिलो अँड स्टिच’ने 100 कोटींचा टप्पा ओलांडला, तर ड्रीमवर्क्सच्या ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ने 60 कोटींच्या पुढे मजल मारली. कमाईत एवढी तफावत असली, तरी तिन्ही चित्रपटांवर चाहत्यांनी घातलेला वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत होता : पडद्यावर दिसणारी व्यक्तिरेखा ही आपण लहानपणी पाहिली तीच आहे का? अद्भुतरम्य कथांतील नायक-नायिकांना लावली जाणारी ही मोजपट्टी आज स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ती गेल्या चाळीसेक वर्षांत घडत गेली आहे.

डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रथम दाखवला गेला. तो पाहायला आलेल्या प्रेक्षकांना ग्रिम बंधूंच्या संग्रहातील कथा आधीपासून ठाऊक होती, पण तिच्यातल्या राजकन्येचा चेहरा सर्वांसाठी ठरलेला नव्हता. तो या चित्रपटाने ठरवला, आणि त्यासाठी स्टुडिओने आधार घेतला तो एका जिवंत मुलीचाच. मार्ज बेल्चर या तरुण नर्तकीला कॅमेऱ्यासमोर नाचायला, वळायला, घागऱ्याचा घेर सावरायला सांगून तिचे चित्रीकरण करण्यात आले आणि ते समोर ठेवून चित्रकारांनी स्नो व्हाइटच्या हालचाली रेखाटल्या. पुढेही हीच रीत चालू राहिली. 1950 ची सिंड्रेला आणि 1959 च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तली अरोरा या दोघींसाठी हेलेन स्टॅन्ली हिने कॅमेऱ्यासमोर अभिनय केला, तर 1989 च्या ‘द लिटल मर्मेड’मधली एरिअल आणि 1991 च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल यांच्यासाठी शेरी स्टोनर हिने. म्हणजे ज्या रेखाटनांशी आजच्या अभिनेत्रींची तुलना होते, ती रेखाटनेच मुळात अभिनेत्रींना पाहून काढलेली आहेत. ही गोष्ट या वादात फारशी कोणी काढत नाही, याचे नवल वाटते.

1937 च्या ‘स्नो व्हाइट’मधील राजपुत्राची कहाणी वेगळी आहे. तो सुरुवातीला आणि अखेरीस तेवढा दिसतो आणि त्याला नावही नाही. वास्तव वाटेल असा तरुण पुरुष रेखाटणे त्या वेळच्या चित्रकारांना अवघड जात होते आणि त्यामुळेच त्याचे काम आखडते घेण्यात आले. तंत्राच्या या अडचणीतून पुढे परीकथांतील कोऱ्या, गुळगुळीत नायकाचा साचा तयार झाला. 2015 च्या ‘सिंड्रेला’त राजपुत्राला किट हे नाव मिळते आणि नृत्यसमारंभाच्या आधीच रानात त्याची नायिकेशी भेट होते, 2025 च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये तर राजपुत्राला रजा देऊन जोनाथन नावाचा बंडखोर आणला आहे. जुन्या नायकाला अंतरंगच नव्हते हे मान्य करूनही अनेक चाहत्यांना हे बदल खटकले. मला यातला बराचसा आक्षेप नव्या नायकाच्या गुणदोषांवर नसून, ओळखीचे काहीतरी हरवल्यावर वाटतो.

ही ओळख इतकी पक्की होण्याचे कारण चित्रपट पुन्हा पुन्हा पाहण्याच्या सोयीत आहे. डिस्ने आपले जुने अ‍ॅनिमेशनपट ठरावीक वर्षांनी चित्रपटगृहांत परत आणत असे; ‘स्नो व्हाइट’ 1944 मध्येच असा परतला होता. तरीही दोन प्रदर्शनांमध्ये कित्येक वर्षे जात आणि तेवढ्या काळात आठवण धूसर होई. 1980 च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि चित्र पालटले. 1995 मध्ये कॅसेटवर आलेल्या ‘द लायन किंग’च्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या. तोच चित्रपट आठवड्यातून चार वेळा पाहणाऱ्या मुलाला संवादच नव्हे, तर संवादांमधले श्वासही पाठ होतात. त्या पिढीच्या डोक्यात या नायकांची नुसती आठवण नाही, जवळपास हुबेहूब प्रत आहे.

पुस्तकांच्या चाहत्यांची तक्रार याहून वेगळ्या जातीची असते. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतला राजवंशाचा वारस अ‍ॅरागॉर्न रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीहून निघतानाच पुन्हा घडवलेली तलवार कमरेला लावतो आणि आपला वारसा उघडपणे सांगतो. पीटर जॅक्सन यांच्या 2001 ते 2003 मधील चित्रत्रयीत तो राज्यापासून अंग चोरतो आणि ती तलवार त्याच्या हाती पडते ती थेट तिसऱ्या भागात. वाचक यावर कुरकुरले खरे, पण प्रत्येक वाचकाच्या मनातला अ‍ॅरागॉर्न थोडा निराळा असल्याने चेहऱ्यावरून एकमुखी विरोध उभा राहिला नाही. अ‍ॅनिमेशनपटाच्या चाहत्यांची गोष्ट तशी नाही. त्या सर्वांच्या मनात केसांचा रंग, भुवईचा बाक, आवाजाचा चढउतार या सगळ्यांसह एकच चित्र असते, आणि त्यामुळे फरक दिसला की तो सर्वांना एकाच वेळी दिसतो.

स्टुडिओंना या साठवलेल्या आठवणीची किंमत उमगायला वेळ लागला. 1994 चा ‘द जंगल बुक’ आणि ग्लेन क्लोज यांनी गाजवलेला 1996 चा ‘101 डाल्मेशियन्स’ हे सुटे प्रयोग होते. लाटेला सुरुवात झाली ती 2010 मध्ये, टिम बर्टन यांच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ने 100 कोटी डॉलरांहून अधिक कमावले तेव्हा. 2014 च्या ‘मॅलेफिसेंट’ने ‘स्लीपिंग ब्यूटी’ची कथा खलनायिकेच्या बाजूने सांगितली, 2017 च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ने सव्वाशे कोटी मिळवले, आणि 2019 या एकाच वर्षात ‘डम्बो’, ‘अलादीन’ व ‘द लायन किंग’ असे तीन रिमेक चित्रपटगृहांत लागले.

त्यांतला ‘द लायन किंग’ थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. जॉन फॅव्हरो यांनी प्रसंगांचा क्रम बव्हंशी 1994 च्याच चित्रपटातून घेतला, सिंहराजा मुफासाला जेम्स अर्ल जोन्स यांचाच आवाज ठेवला आणि एक चित्रण सोडले तर सारा चित्रपट संगणकावर घडवला. त्यामुळे त्याला प्रत्यक्ष चित्रीकरणाचा, म्हणजे लाइव्ह-अ‍ॅक्शन म्हणणे ही निव्वळ सोय आहे. सिंबा या छाव्याचे वडील मुफासा कोसळतात तो प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहिला की चाहत्यांचा आक्षेप लगेच कळतो. 1994 च्या सिंबाच्या भुवया कपाळावर चढतात, डोळे विस्फारतात, ओठ थरथरतात. 2019 चा सिंबा खऱ्या छाव्यासारखा असल्याने त्याला या हालचाली करताच येत नाहीत. दुःख व्यक्त करायचे ते फक्त आवाजाने. एवढे असूनही चित्रपटाने 160 कोटी डॉलरांच्या पुढे कमाई केली. नाराजी आणि तिकीट खरेदी या दोन्ही गोष्टी एकाच प्रेक्षकाकडून होऊ शकतात, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

व्यक्तिरेखा कोण साकारणार, यावरचा संघर्ष त्याआधीच सुरू झाला होता. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही आशियाई आणि इन्युइट संस्कृतींच्या धाग्यांतून विणलेली अ‍ॅनिमेशन मालिका होती. तिच्यावरील 2010 च्या चित्रपटासाठी प्रमुख नायकांच्या भूमिका गोऱ्या कलाकारांना दिल्याचे कळताच चाहत्यांनी संघटित निषेध केला. जपानी कथेवरच्या 2017 च्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये स्कार्लेट जोहान्सन यांच्या निवडीवरूनही तसेच झाले. ‘द लिटल मर्मेड’साठी 2019 मध्ये हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर झाली, तेव्हा वादाची दिशा उलटली आणि मूळ कथेशी निष्ठेची भाषा वंशद्वेषाला आडोसा म्हणून सर्रास वापरली गेली. ही निष्ठा अँडरसन यांच्या 1837 च्या कथेशी खचितच नव्हती; त्या कथेतली जलपरी राजपुत्राला गमावते आणि तिच्या देहाचा फेस होतो. निष्ठा होती ती 1989 मधल्या लाल केसांच्या रेखाटनाशी. 2023 मध्ये चित्रपट लागल्यावर प्रेक्षकांच्या मतांवरून चित्रपटांना गुण देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळाने, मतदानात असाधारण हालचाल आढळल्याचे सांगून, गुणांची मोजणीच बदलली.

बदल करूनही राग, न करूनही राग, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण 2020 चा ‘मुलान’ पाहिला तर तो पुरता खरा नाही. तिथे गाणी आणि मुशू हा बडबड्या ड्रॅगन गाळला, याबद्दलची हळहळ वरवरची होती. जास्त नेमका आक्षेप नायिकेवर होता. 1998 ची मुलान अंगी काही विशेष नसताना सराव करून, डोके लढवून खांबाच्या टोकावरचा बाण काढते. नव्या मुलानमध्ये ‘ची’ नावाची शक्ती जन्मापासूनच आहे. कष्टाने घडलेली नायिका उपजत वरदानाची झाली, ही टीका आठवणींच्या मोहातून आलेली नाही. ती कथेच्या गाभ्याबद्दल आहे. ‘लिलो अँड स्टिच’च्या नव्या शेवटात थोरली बहीण नानी धाकटीला शेजाऱ्यांकडे ठेवून शिक्षणासाठी दूर जाते, त्यावर घेतलेली हरकतही याच पठडीतली आहे.

‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ने हे धोके टाळण्यासाठी 2010 च्या चित्रपटाचे एक दिग्दर्शक डीन डब्लुआ यांनाच पुन्हा बसवले, नायकाच्या वडिलांच्या भूमिकेत आवाज देणाऱ्या जेरार्ड बटलर यांनाच उभे केले आणि नायक हिकप अखेरीस पाय गमावतो तो प्रसंगही राखला. चाहते खूश झाले. क्रेसिडा कॉवेल यांच्या 2003 च्या मूळ पुस्तकातला टूथलेस हा ड्रॅगन मात्र हातात मावेल एवढा लहान आहे, आणि त्याची आठवण काढून कोणी भांडले नाही.

आता मूळ चित्रपट आणि रिमेक यांतले अंतरही आटत चालले आहे. ‘स्नो व्हाइट’च्या रिमेकला 87 वर्षे लागली, हिकपच्या कथेला 15, 2016 च्या ‘मोआना’चा रिमेक 2026 साठी जाहीर झाला, तोही त्यातल्या माउई या पात्राला आवाज देणाऱ्या ड्वेन जॉन्सन यांनाच त्या भूमिकेत घेऊन. कॅसेटच्या पिढीला आपले नायक आठवायचे तरी होते. मोआनाच्या चाहत्यांसाठी जुना चित्रपट स्ट्रीमिंगवर सदैव हजर आहे, आणि त्यांच्यातले अनेक जण अजून शाळेत आहेत.