घरगुती साबणाचा घाणा : दोष आणि दुरुस्ती

घरी शीत पद्धतीने केलेला साबण बिघडला, तर कारण शोधणे आणि घाणा वाचवता येईल का हे ठरवणे, एवढ्यापुरती ही नोंद आहे. या पद्धतीत तेलात कॉस्टिक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) पाण्यातील द्रावण घालून घोटतात, मिश्रण दाटले की साच्यात ओततात, एक-दोन दिवसांनी वड्या कापतात आणि चार ते सहा आठवडे हवेवर सुकवतात. तेलाचे साबण आणि ग्लिसरीन होताना उष्णता आपोआप निर्माण होते. नवशिक्याची पंचाईत होते ती रूपामुळे. पांढरी भुकटी धरलेली वडी बहुधा निर्धोक निघते आणि गुळगुळीत, देखणी वडी हाताची आग करते. म्हणून सर्वांत आधी एकच पाहावे : सोडा शिल्लक राहिला आहे का? बाकीचे सावकाश पाहता येते.

सोडा शिल्लक राहतो तो बहुतेक वेळा वजनातल्या चुकीमुळे. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा ठरलेला असतो : १ ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, तर ऑलिव्ह तेलाला सुमारे ०.१३४ ग्रॅम. १५० ग्रॅम खोबरेल आणि ३५० ग्रॅम ऑलिव्ह घेतले तर हिशेबाने ७४.४ ग्रॅम सोडा लागतो. त्यातला ५ टक्के मुद्दाम कमी करून ७०.६ ग्रॅम घालतात, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि साबण सौम्य होतो. ही ५ टक्क्यांची सूट हीच काय ती नवशिक्याची ढाल. खोबरेल संपले म्हणून पूर्ण ५०० ग्रॅम ऑलिव्हच घेतले आणि सोडा तेवढाच ठेवला, तर गरज ६७ ग्रॅमची असल्याने साडेतीन ग्रॅमच्या वर सोडा मोकळा राहतो. तेल मापाने घेतले तरी तेच : ५०० मिलीलीटर तेल भरते जेमतेम ४६० ग्रॅम. ५-५ ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा काटा तर या कामाला नकोच. ७० ग्रॅमांत ५ ग्रॅमची चूक म्हणजे ७ टक्के, सगळी सूट खाऊन वर उरते.

असा घाणा ठिसूळ होतो आणि कापताना त्याचा चुरा पडतो, कधी वडीच्या पोटात पांढरे खडे किंवा पाणीदार कप्पे दिसतात. हे कप्पे टोचले तर बाहेर येणारे पाणी दाहक असू शकते, तेव्हा हातमोजे असू द्यावेत. खात्रीसाठी जुनी परीक्षा आहे : ओले बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला निसटते लावायचे. बॅटरीचे टोक जिभेला लावल्यासारखा झटका बसला तर सोडा मोकळा आहे; नुसती साबणाची कडवट चव आली तर नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटका बसला म्हणून घाबरू नये, क्रिया चालू असते. आठवड्याने पुन्हा पाहावे. खडे किंवा कप्पे दिसत असतील तर मात्र जीभ लावूच नये. पीएचच्या कागदावर ७ आकडा शोधणे व्यर्थ आहे. चांगला साबणही ९ ते १०.५ दाखवतो, आणि तो ७ वर आणायला लिंबू किंवा व्हिनेगर ओतत गेले की साबणच फुटतो.

उलट घाणा आठवडा उलटूनही मऊ, तेलकट राहिला तर सोडा कमी पडला असावा. उघड्या डब्यातला सोडा हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतो. नवशिके तेलाला दोष देतात. मोरी साफ करण्याच्या पुडीत इतर द्रव्ये मिसळलेली असू शकतात, त्यामुळे ती वापरू नये.

घोटताना होणारी सर्वांत फसवी चूक म्हणजे खोटा दाटपणा. शिआ बटर किंवा पाम तेल थंड द्रावणामुळे गोठते, मिश्रण दाट दिसते आणि माणूस ते घाईने साच्यात ओततो. साबण मात्र झालेलाच नसतो. भांडे किंचित ऊब देऊन ढवळावे : दाटपणा खोटा असेल तर मिश्रण पातळ होते, खरा असेल तर होत नाही. याच्या उलट, लवंग तेलासारखी काही सुगंधी द्रव्ये मिश्रण क्षणात आवळतात. तेव्हा ब्लेंडर बाजूला ठेवून चमच्याने साच्यात दाबून भरावे. वडी खडबडीत होईल, पण वापरता येईल.

मध, दूध किंवा साखर घातलेला घाणा जास्त तापतो. मधोमध फुगतो, तडकतो, क्वचित साच्याबाहेर उसळतो. अशा साच्याला पांघरूण घालू नये, थंड जागी ठेवावा. वडीच्या मध्यभागी गडद वर्तुळ दिसले तर आतला भाग तापून पारदर्शक अवस्थेतून गेला आणि कडा गेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ते फक्त दिसायला विचित्र. वरची पांढरी पूड सोडियम कार्बोनेटची असते, ती वाफ देऊन किंवा पुसून जाते. व्हॅनिलिनयुक्त सुगंधाने वडी तपकिरी होते, तिला उपाय नाही.

महिन्यांनी उमटणारे नारिंगी ठिपके आणि कुबट वास ही तेल खवट झाल्याची खूण. सूर्यफुलासारखी लिनोलेइक आम्लाने भरलेली तेले, जुने तेल आणि लोखंड-तांब्याचा अंश यांनी ते लवकर येतात. म्हणून द्रावणाला ऊर्ध्वपातित पाणी वापरतात. अशी वडी अपायकारक असतेच असे नाही, पण वास सुटत नाही.

सोडा जास्त झालेला घाणा किसून, थोड्या पाण्यात मंद आचेवर वितळवून त्यात हिशेबाने कमी पडलेले तेल मिसळता येते. मात्र नेमकी चूक किती ग्रॅमची हे ठाऊक असेल तरच. अंदाजाने तेल ओतणे म्हणजे दुसरा बिघाड. टिपणे ठेवली नसतील तर तो घाणा अंगाला लावू नये. वितळवताना ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, कारण सोड्याशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. स्टेनलेस स्टील घ्यावे. नवे द्रावण करतानाही सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीच नाही. ते ८०–९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. अंगावर उडाले तर व्हिनेगर शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवावे. डोळ्यात गेले तर धुता धुताच डॉक्टरांना बोलवावे.