प्रायश्चित्त (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने देव आणि माणूस यांच्यातील तुटलेले नाते पुन्हा जुळले, असे सांगणारा ख्रिस्ती सिद्धान्त. पापक्षमा, तारण (उद्धार), समेट या कल्पना त्याच्याच आधाराने उभ्या आहेत. मात्र त्या मरणाने माणूस नेमका कसा तरतो, याचे एकच उत्तर चर्चने सर्वांवर कधी बंधनकारक केले नाही. ख्रिस्त कोण, याचा निवाडा निकाया (325) आणि खाल्सेदोन (451) येथील परिषदांनी केला. तो ‘आमच्यासाठी’ वधस्तंभी खिळला गेला, एवढे विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या ठरावीक कबुलीत, आले. पुढचे मोकळे राहिले. ते मोकळे राहिले हे बरेच झाले. एका व्याख्येत मावणारा हा विषय नव्हे.

मराठवाड्यात प्रायश्चित्त म्हटले की आधी पैठण आठवते. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले; त्यांनी व रुक्मिणीबाईंनी प्राण दिले, तरी मुलांवरचा ठपका गेला नाही आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, अशी परंपरा आहे. दोष ज्याचा, प्रायश्चित्तही त्याचेच, आणि ते फिटले की नाही हे ठरवणारे दुसरेच, अशी ती व्यवस्था. ख्रिस्ती सिद्धान्त नेमका इथे उलटा वळतो. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला तो देवच अपराध्याच्या बाजूला येऊन उभा राहतो. नवस फेडताना माणूस देवाला बोकड देतो. येथे देणारा देव आहे आणि दिलेला त्याचा स्वतःचा पुत्र आहे.

या कल्पनेची मुळे यहुदी उपासनेत आहेत. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात वर्षातून एकदा पाळायच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बकरे आणून त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त परमपवित्र स्थानातील दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, शिंपडायचे. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकाने दोन्ही हात ठेवून लोकांचे अपराध कबूल करायचे आणि त्याला रानात सोडून द्यायचे. हा दुसरा बकरा मारला जात नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तो पाप वाहून दूर नेतो. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र याच दिवसाची भाषा वापरते आणि म्हणते, ख्रिस्ताने हे एकदाच आणि कायमचे केले.

नव्या करारात मात्र केवळ बळीची भाषा नाही. मार्क 10:45 मध्ये येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याविषयी बोलतो. प्रेषित पौल आपल्या पत्रांत कधी न्यायालयातून दाखला घेतो, कधी गुलामाच्या सुटकेतून, तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात वैर मिटवणाऱ्या समेटातून. खंडणी कोणाला दिली, हे कुठेच सांगितलेले नाही. ओरिजेन आदी आरंभीच्या आचार्यांनी ती सैतानाला दिली असे म्हटले. नाझियांझसच्या ग्रेगरीला ही कल्पनाच असह्य वाटली. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ औलेन यांनी 1930 मध्ये या जुन्या विचाराचे मर्म नव्याने मांडले: वधस्तंभ म्हणजे पाप, मरण आणि दुष्ट सत्ता यांच्यावरचा विजय.

पश्चिमेकडील विचाराला कलाटणी दिली ती कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी. ‘देव माणूस का झाला’ हा त्यांचा ग्रंथ 1098 मध्ये पूर्ण झाला. देवाला द्यायचा मान न देणे म्हणजे पाप. त्याची भरपाई करणे माणसाचे कर्तव्य, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून भरपाई करणारा देवही हवा आणि माणूसही हवा. सावकाराच्या वहीत आज्यापासून चालत आलेले कर्ज ज्याने पाहिले आहे, त्याला हा युक्तिवाद चटकन उमगतो. धोकाही तिथेच आहे, कारण मग देवच सावकार वाटू लागतो. अँसेल्मचा देव वसुलीला बसलेला नाही. त्यांच्या मते भरपाई किंवा शिक्षा, दोहोंपैकी एक अटळ असते आणि ख्रिस्ताने दिली ती भरपाई. शिक्षाच ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली, ही मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकात, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या जॉन कॅल्व्हिनकडून. हे दोन विचार सर्रास एक मानले जातात, आणि त्यातून पुष्कळ गैरसमज होतात. पीटर अबेलार (1079–1142) यांनी वेगळीच वाट धरली: वधस्तंभावर दिसणारे प्रेम माणसाचे मन पालटते, तेच तारण.

जालन्याला ही शिकवण प्रामुख्याने स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून आली. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यात काम उभारले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेचा कल देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठीच ख्रिस्त मेला, असे मानण्याकडे होता. तो सर्वांसाठी मेला असे शिकवल्याबद्दल जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल यांना 1831 मध्ये तिथल्या महासभेने पाळकपदावरून काढले. पुढे 1856 मध्ये त्यांनी लिहिले की ख्रिस्ताने देवाचा राग झेलला नाही, तर मानवजातीच्या वतीने पापाची परिपूर्ण कबुली दिली. पैठणच्या पार्श्वभूमीवर वाचले, तर सर्व मांडण्यांमध्ये ही मला सर्वांत जवळची वाटते.

‘तुकारामाच्या पुलावरून’ ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या नारायण वामन टिळकांची (1861–1919) पदे मराठी मंडळ्यांत टाळ-पेटीवर गायिली जातात. त्यांत न्यायालय क्वचितच दिसते. दिसतो तो जवळ घेणारा ख्रिस्त.

उत्तम शुक्रवारी, ऐन उन्हात, बारा ते तीन अशी उपासना चालते आणि येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. चौथा उद्गार सर्वांत अवघड: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ दलित धर्मशास्त्राची पायाभरणी करणारे अरविंद निर्मल यांनी हाच उद्गार मध्यभागी ठेवला. 1981 मध्ये बंगळूरच्या व्याख्यानात त्यांनी या विचाराला तोंड फोडले. त्यांच्या दृष्टीने वधस्तंभावरचा येशू टाकून दिलेल्यांपैकी एक आहे आणि यशया 53 मधला तुच्छ मानलेला सेवक हे देवाचेच रूप आहे. मराठवाड्यातील मांग व महार समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना यातील शब्द न् शब्द ओळखीचा आहे. वेशीबाहेर मारला गेलेला तारणारा त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या बाजूने पाहिले की सिद्धान्ताचा एक दुर्लक्षित भाग पुढे येतो. इफिसकरांस पत्रात वधस्तंभाने दोन समाजांमधली आडभिंत पाडली, असे म्हटले आहे. देवाशी समेट आणि शेजाऱ्याशी समेट तिथे एकाच वाक्यात येतात. ख्रिस्ती झाल्यावरही जात पाहून सोयरीक ठरते, तिथे प्रायश्चित्ताचा अर्धाच अर्थ पोचला आहे. पौल याबाबत कठोर होता. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र यहुदीतर बंधूंच्या पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे आणि त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनात पौल म्हणतो की नियमशास्त्राने (मोशेच्या नियमांनी) नीतिमत्त्व मिळत असेल, तर ख्रिस्ताचे मरण विनाकारण ठरते.