भिंतीवरचा लोणा आणि सात वर्षांचे युद्ध

मातीच्या घरात राहिलेल्या कुणालाही लोणा सांगावा लागत नाही. पावसाळा सरून भिंती वाळू लागल्या की ओल मुरलेल्या जागी पांढरी भुकटी फुलते, लिंपण सुटते. गोठ्याच्या भिंतीला तर हमखास. आपण ती केरसुणीने झाडून टाकतो. अठराव्या शतकात बिहारमधल्या अशाच भुकटीसाठी इंग्रज, फ्रेंच आणि डच कंपन्या पाटण्यात ठाण मांडून बसल्या होत्या.

त्या भुकटीत सोरा होता. बंदुकीच्या दारूच्या १०० भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. जळायला हवा लागते, पण ठासलेल्या तोफेच्या नळीत हवा येणार कुठून? ते काम सोरा करतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या घटकांत पोटॅशियम आणि नायट्रोजनच्या एकेका अणूमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात. दारू पेटली की तोच ऑक्सिजन कोळशाला आणि गंधकाला मिळतो, क्षणात प्रचंड वायू तयार होतो आणि गोळा सुटतो.

हा सोरा बिहारमध्ये इतका का पिकायचा? गुरांचे मूत आणि शेण जमिनीत मुरले की त्यातून अमोनिया सुटतो. मातीतले काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट. चुलीतली राख पोटॅशियम पुरवते. उबदार मातीत हे काम झपाट्याने होते. पावसात हे क्षार विरघळून खाली उतरतात. पुढच्या कोरड्या महिन्यांत ओल वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. दाट वस्ती, भरपूर गुरे, चांगला पाऊस आणि त्यामागून लांबलचक कोरडा काळ असे सगळे गंगेच्या खोऱ्यात एकत्र होते. फ्रान्समध्ये मात्र सोरा काढणाऱ्यांना लोकांचे गोठे आणि तळघरे खणायचा सरकारी परवाना द्यावा लागे, आणि लोक त्यांच्या नावाने बोटे मोडत.

बिहारमध्ये हे काम नोनिया समाजाचे. ‘नोन’ म्हणजे मीठ. आपला ‘लोणा’ही त्याच लवणातला. नोनिया जुन्या भिंतींच्या कडेची माती खरवडून आणायचे, तिच्यातून पाणी झिरपवायचे आणि तो निवळ कढईत आटवायचे. यातली खुबी रसायनशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात सोरा २४० ग्रॅमहून जास्त विरघळतो, तर बर्फाइतक्या थंड पाण्यात जेमतेम १३ ग्रॅम. साध्या मिठाला या फरकाचे काहीच नाही; ते गार पाण्यात ३६ ग्रॅम आणि उकळत्यात ३९. म्हणून पाणी आटताना मीठ आधी कढईच्या तळाशी बसते, आणि निवळ गार झाला की सोऱ्याचे लांब सुईसारखे स्फटिक धरतात. प्रयोगशाळा नाही, तापमापक नाही. हाताचा अंदाज तेवढा.

सात वर्षांचे युद्ध (१७५६–१७६३) सोऱ्यासाठी पेटले नाही. १७४० मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने ऑस्ट्रियाचा सायलेशिया प्रांत बळकावला, आणि तिथल्या राणीला, मारिया थेरेसाला, तो परत हवा होता. त्यासाठी ऑस्ट्रियाने पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर बाजूला ठेवून फ्रान्सशी हातमिळवणी केली. ब्रिटन प्रशियाच्या बाजूला गेले. २९ ऑगस्ट १७५६ रोजी फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला. पण ब्रिटन आणि फ्रान्स यांची अमेरिकेतल्या ओहायो खोऱ्यावरून त्याआधीच, १७५४ पासून, जुंपलेली होती.

त्या खोऱ्यात ३ जुलै १७५४ रोजी २२ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन एका घाईत उभारलेल्या लाकडी गढीत अडकला होता. दिवसभर पाऊस कोसळला, खंदक भरले, दारू भिजली. रात्री त्याने शरणागती पत्करली. तीन वर्षांनी, २३ जून १७५७ ला, प्लासीच्या आमराईवर दुपारी असाच पाऊस आला. क्लाइव्हच्या माणसांनी दारूवर मेणकापड ओढले. बंगालच्या नवाबाची दारू उघडीच राहिली. इंग्रजांच्याही तोफा थंडावल्या असतील असे समजून नवाबाचा सरदार मीर मदन पुढे सरसावला आणि तोफेच्या माऱ्यात पडला. मीर जाफरची फितुरी आपण शाळेत शिकतो. मला त्या मेणकापडालाही तितकीच जागा द्यावीशी वाटते. दारू भिजली की तिच्यातला सोरा विरघळून कोळशापासून वेगळा होतो. ती नुसती उन्हात वाळवून भागत नाही, पुन्हा दळावी लागते. लढाईत तेवढी उसंत कुठली!

प्लासीनंतर वर्षभरातच, १७५८ मध्ये, नवाब झालेल्या मीर जाफरने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता इंग्रज कंपनीला दिला. फ्रेंचांचे बंगालमधले ठाणे चंदननगर आधीच, मार्च १७५७ मध्ये, पडले होते. जगातली सर्वांत मोठी सोऱ्याची खाण एका बाजूच्या हाती गेली. नोनियांनाही त्यानंतर मुख्य गिऱ्हाईक एकच उरले.

दक्षिणेत फ्रेंच सेनापती लालीने १७५८ मध्ये आपला सरदार बुसी याला हैदराबादेहून परत बोलावले. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला आणि आपल्या पलटणींसह पानिपतावर उभा राहिला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, इंग्रज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत शिरले. हिंदुस्थानात इंग्रजांना अडवू शकणाऱ्या दोन सत्ता एकाच आठवड्यात कोलमडल्या. मराठे दहा वर्षांत सावरले. फ्रेंच तसे कधीच सावरले नाहीत.

१० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिस तहाने कॅनडाही फ्रान्सच्या हातून गेला. ब्रिटन जिंकले खरे, पण त्याचे कर्ज जवळपास दुप्पट झाले होते. म्हणून अमेरिकेतल्या फौजेचा खर्च भागवायला १७६५ मध्ये अमेरिकन वसाहतींवर मुद्रांक कर बसवला आणि तिथे असंतोष पेटला.

फ्रान्सने वेगळा धडा घेतला. १७७५ मध्ये दारू आणि सोऱ्याचे खाते नव्याने उभारले आणि कारभाऱ्यांत अंत्वान लव्हाझिएला नेमले. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे सिद्ध करणारा हाच माणूस. त्याने सोरा शुद्ध करण्याच्या रीती सुधारल्या. कच्च्या सोऱ्यातले कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल ओढून दारू मऊ पाडते. राखेतल्या पोटॅशच्या साह्याने त्याचेही सोऱ्यात रूपांतर करता येते. फ्रान्सची दारू थोड्याच वर्षांत युरोपात नावाजली जाऊ लागली. आणि अमेरिकन वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा फ्रेंच दारूची पिंपे अटलांटिक ओलांडून त्यांच्याकडे जाऊ लागली. त्यांचा सेनापती होता, भिजलेल्या दारूने एकदा शरण गेलेला जॉर्ज वॉशिंग्टन.