कट्टा (मुंबई)

कट्टा : बसण्याजोगा दगडी वा सिमेंटचा ठेंगणा बांध, तसेच त्यावर बसून दिवसभराच्या बातम्या, विनोद आणि नवलाच्या गोष्टींवर सहज शेरे मारण्याची मुंबईतील रीत. पहिला अर्थ वास्तूचा आणि दुसरा त्यावरून आलेला असला, तरी बोलण्यात दुसराच पुढे असतो. ‘आज कट्टा नाही का?’ असे विचारणाऱ्याला भिंत जागेवर आहे हे ठाऊक असते. धान्याचा कट्टा (पोते) व गावठी कट्टा (पिस्तूल) यांचा येथे विचार केलेला नाही. ‘कट्ट्यासह एकास अटक’ असा मथळा आला, की कट्ट्यावर मात्र त्याचा विचार हटकून होतो.

व्युत्पत्ती : शब्दाच्या मुळाबद्दल दोन बाजू मांडता येतात. संस्कृत काष्ठ, प्राकृत कट्ठ यांच्याशी नाते जोडायचे, तर मूळ कट्टा लाकडी फळीचा मानावा लागतो. अडचण ध्वनीची आहे. प्राकृतातले जोडव्यंजन मराठीत येताना बहुधा सुटते व आधीचा स्वर लांबतो : हत्थ–हात, सत्त–सात, कट्ठ–काठ. या वाटेने आलेल्या शब्दात ‘ट्ट’ टिकला नसता. शिवाय ‘ठ’चा ‘ट’ का व्हावा, यालाही कारण दिसत नाही. उलट कन्नड ‘कट्टे’ (बांध, धरण, झाडाभोवतीचा ओटा) रूपाने व अर्थाने अगदी जवळचा आहे. किटेल यांच्या कन्नड कोशात (१८९४) तो आहे, आणि ‘कट्टु’ म्हणजे बांधणे या धातूशी त्याचा संबंध उघड आहे. मराठीतही ‘बांधणे’वरून ‘बांध’ होतोच. कन्नड मुलखात पिंपळाच्या पाराला ‘अश्वत्थकट्टे’ व गप्पांच्या जागेला ‘हरटे कट्टे’ म्हणतात. त्यामुळे शब्दाबरोबर गप्पांचा अर्थही तिकडूनच आला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. बसायच्या जागेचे नाव बसण्याला पडणे कुठल्याही भाषेत आपोआप घडते. मराठीत ‘चावडी’ आणि ‘नाका’ यांचे तेच झाले. शब्द दक्षिणेकडचा, अर्थ इथे वाढलेला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मालवण तालुक्यात कट्टा नावाचे गाव आहे. त्यावरून कोकणात शब्द जुना असावा, आणि गिरण्यांच्या ओढीने आलेल्या माणसांबरोबर तो मुंबईत रुळला असावा. ‘गजाल’ (मालवणीत गप्पा) तर ती माणसे घेऊन आलीच होती.

जागा व मांडणी : ‘खोल्या लहान, म्हणून बैठक बाहेर’ हे नेहमीचे स्पष्टीकरण. बीडीडी चाळींतली खोली सु. १६० चौ. फुटांची, तीही एका बिऱ्हाडाच्या वाट्याला आली तर. तेव्हा त्यात तथ्य आहेच. परंतु दाटीमुळे माणूस बाहेर का पडला एवढेच त्यातून कळते, तो असे का बोलतो हे कळत नाही. गावचा पार झाडाभोवती असतो, ओसरीवर माणसे समोरासमोर बसतात. शहरातला कट्टा मात्र मुळात कुंपण असतो : मैदानाचे, समुद्राचे, इमारतीचे. त्यावर माणसे एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून बसतात. बोलणारा कुणाकडे पाहत नाही; वाक्य रस्त्याकडे फेकतो आणि ज्याला उचलायचे तो उचलतो. लांबलचक मुद्दा या मांडणीत चालत नाही, शेरा चालतो.

या प्रकाराचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा. महापालिकेने १९२५ मध्ये खुले केलेले हे मैदान आरंभी माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. भोवतीचा बसका कठडा सु. १.१७ किमी. भरतो. मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. कट्ट्याचा आवाज त्यामुळे कमी झाल्याचे दिसत नाही. मरीन ड्राइव्हचा कठडाही याच जातीचा. फक्त तिथे पाठ शहराकडे होते आणि विषय बदलतात.

शेऱ्याची रीत : आरे वसाहतीत बिबळ्या दिसल्याची बातमी घ्यावी. एकजण फोन पुढे करतो : ‘हे बघितलंस?’ दुसरा न बघताच : ‘जुना व्हिडिओ असणार.’ तिसरा : ‘त्याला तरी मुंबईत जागा मिळाली.’ चौथा : ‘ओनरशिप की पागडी?’ एव्हाना बिबळ्या बाजूला पडून पुनर्विकास सुरू झालेला असतो. बातमी खरी की खोटी हा प्रश्न निघतो, पण त्यावर कुणी अडून बसत नाही. खोटी निघाली तर ‘पुडी’ किंवा ‘बंडल’, ताणलेला विनोद ‘पांचट’, माणसालाच विषय केले तर ‘खेचणे’ किंवा ‘फिरकी घेणे’. विषय लांबवणारा ‘पकवतो’, आणि त्यावरचा इलाज कटिंग सांगणे हा. दुःखद बातमीवर मात्र कोटी करत नाहीत. ‘अरेरे, वय काय होतं?’ एवढे विचारून ओळ थोडा वेळ गप्प राहते.

कट्टा पुरुषांचाच, असे सरसकट म्हटले जाते. चाळीची गॅलरी आणि भाजी निवडत जाणारा लोकलमधला बायकांचा डबा हिशेबात घेतला, तर ते टिकणारे नाही. डब्यात तर बाके समोरासमोर असल्याने शेऱ्याला तिथल्या तिथे उत्तर मिळते.

नावाचा प्रसार : ठाण्यात आचार्य अत्रे कट्टा भरतो, वृत्तवाहिनीवर ‘माझा कट्टा’ होतो, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांनाही हेच नाव असते. पहिल्या दोहोंत खुर्ची, पाहुणा आणि माईक येतो. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. त्यांना कट्टा म्हणणे सौजन्याचे आहे.

पावसाळ्यात दगड ओला असतो. तेव्हा वर्तमानपत्र पानापानाने वाटले जाते आणि ज्याचे पान वाचून होईल तो ते अंथरून बसतो. आधी पुरवणी जाते, मग जाहिराती, मग अग्रलेख. खेळाचे पान सर्वांत शेवटी.