बर्फाची गोधडी

पावसाळ्यात जानापावला गेलं की आमच्या घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “इंदूरपेक्षा गार आहे हो इथे!” महूपलीकडची ही टेकडी इंदूरहून जेमतेम ३०० मीटर उंच. दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे फरक दोनेक अंशांचा. आपल्याला तेवढा सहलीपुरता पुरतो. हिमालयातल्या रोपट्यांचं मात्र सगळं बिऱ्हाडच या हिशेबावर मांडलेलं. हवा दोन अंशांनी तापली आणि जुनाच गारवा हवा असेल, तर एक अख्खं जानापाव वर सरकायला हवं.

आणि ती सरकतात. जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४९-५०मध्ये सिक्कीमच्या उंच भागात कोणती वनस्पती कुठवर दिसते ते टिपून ठेवलं होतं. दीडशेहून अधिक वर्षांनी भारतीय संशोधकांनी तिथल्या १२४ खास स्थानिक जाती पुन्हा शोधल्या, तर ८७ टक्के जातींनी जागा बदललेली. झाडाला पाय कुठले? बी वरच्या अंगाला रुजतं, खालची पिढी वठून जाते, एवढंच.

पण डोंगर वर निमुळता होतो. शंकू धरा: निम्मी उंची चढलात की वर उरलेली जमीन एक चतुर्थांश. खरे डोंगर इतके भूमितीत बसत नाहीत, हे मान्य. शिखराच्या वर मात्र काहीच नसतं.

प्राण्यांत मला ‘पिका’ या छोट्या जीवाचं कोडं सगळ्यात चमत्कारिक वाटतं. हा सशाचा बिनशेपटीचा चुलतभाऊ, ओंजळीत मावेल एवढा. अंगावर दाट लोकर. अमेरिकेतला पिका २५-२६ अंशांत काही तास उघड्यावर अडकला तरी दगावू शकतो. त्या हवेत आपण इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खात मजेत उभे असतो! म्हणून तो दुपारी दगडांच्या फटीत दडतो, उन्हाळाभर गवत तोडून गंज्या रचतो आणि हिवाळाभर जागा राहून तेच खातो.

त्या हिवाळ्यात त्याची गोधडी म्हणजे बर्फ. ताज्या बर्फात बहुतांश हवाच कोंडलेली असते. बाहेर उणे २० असलं तरी जाड थराखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं. हवा तापली की बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो, आणि अधूनमधून येणारी कडाक्याची रात्र पिकाला उघड्यावर गाठते. अमेरिकेतल्या ग्रेट बेसिनच्या ज्या डोंगरांवरून पिका नाहीसे झाले, तिथे संशोधकांना उन्हाच्या तडाख्याबरोबर गारठ्याचाही संशय आला.