87 ने भागून न भागणारं पाणी

रेल्वेची मॉडेलं करणारा माझा एक मित्र ठामपणे सांगतो, "सगळ्याला 87 ने भागायचं, झालं." त्याच्या टेबलावर सध्या न्यूयॉर्क बंदर उभं राहतंय, एचओ प्रमाणात, म्हणजे 1:87.

हडसन नदीखालचे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे बोगदे 1910 मध्ये सुरू झाले, पण फक्त प्रवाशांसाठी. मालाच्या वाघिणी न्यू जर्सीच्या काठाशी अडायच्या आणि रूळ ठोकलेल्या सपाट पडावांवर चढून पलीकडे जायच्या. न्यू जर्सीतलं ग्रीनव्हिल ते न्यूयॉर्कचं ब्रुकलिन ही फेरी अजून चालते. जमिनीवरून जायचं तर सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेकडच्या सेलकर्क गावावरून वळसा पडतो.

खरी गंमत काठावर आहे. दाभोळच्या फेरीबोटीत मोटार चढवताना दोनचार बोटांचा उंबरठा टायर सहज ओलांडतो. रेल्वेच्या चाकाची कडा मात्र जेमतेम इंचभर. रूळ तेवढे वरखाली झाले की वाघीण घसरलीच.

आणि पडाव तर वरखाली होणारच. समजा तो 85 मीटर लांब, 12 मीटर रुंद आहे. 70 टनांची वाघीण मधोमध ठेवली तर तो सगळीकडे सारखाच, सुमारे 7 सेंटिमीटर बुडेल. आता तीच अगदी टोकाला ठेवा. पडाव तेवढा बुडेलच, शिवाय कलेलही. वजन मध्यापासून x अंतरावर आणि लांबी L असेल, तर वजनाखालची बुडी 1 + 12x²/L² पट होते. टोकाशी x म्हणजे L/2, म्हणजे 1 + 3, चौपट! ते टोक 27 सेंटिमीटर खाली, आणि पलीकडचं 13 सेंटिमीटर वर. (हे सूत्र डोक्यावरून गेलं तरी चालेल, चौपट तेवढं लक्षात ठेवा.) म्हणून काठ आणि पडाव जोडणारा पूल ताठ नसतो. जेम्स फ्रेंच या अभियंत्याच्या रचनेत तो उंच चौकटीला टांगलेला असतो, प्रतिभारांनी तोललेला. पडावाशी अडसरांनी जखडला की त्याच्याबरोबर वाकतो. इंजिनाचं वजनही सहसा पुलावर येऊ देत नाहीत. मध्ये रिकाम्या वाघिणी जोडून लांबूनच ढकलतात.

आता मित्राचा भागाकार. लांबीला 87, पण वजनाला 87 चा घन, 6,58,503. 70 टनांची वाघीण उरते 106 ग्रॅमची. अमेरिकी मॉडेलकारांच्या संघटनेची 40 फुटी डब्यासाठी शिफारस सुमारे पावणेचार औंस, 106-107 ग्रॅम! म्हणजे भरलेल्या वाघिणीला ते जवळपास बरोबर, पण 20 टनांच्या रिकाम्या वाघिणीला 30 ग्रॅमच हवेत. टबात पडाव तरंगवाल तर त्यावरची तुमची रिकामी वाघीणही भरलेलीच.

वेळेला तर 87 चं वर्गमूळ, 9.3. खरा पडाव 9 सेकंदांत डुलला, तर छोटा सेकंदात थरथरतो. टबातल्या बोटी संथ डोलताना दाखवणारे 'हुबेहूब' रील्स पाहिलेत ना? कौतुक कॅमेऱ्याचं करा, वेग मंदावलेला असतो.

मित्राने शेवटी पाण्याऐवजी रेझिन ओतलं. न्यूयॉर्कची सुमारे 1.4 मीटरची भरती-ओहोटी त्याच्याकडे 16 मिलिमीटर. ती तो पुलाखालचा एक स्क्रू फिरवून आणतो.